फड उसाचा आणि फड जुगाराचा

(अंबाजोगाई येथे एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मुकुंदराज आणि दासोपंतांच्या या नगरीत बोलायला उभे राहताना संकोच वाटतो, आणि आजचा विषय पाहता तो अधिकच वाटतो. आयोजकांनी मला 'पत्रकारिता आणि समाजप्रबोधन' असा भारदस्त विषय सुचविला होता. मी त्यांना विनंती केली की, मला जुगाराच्या जाहिरातींवर बोलू द्या. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बोला, पण घरची मंडळी, लेकी-सुना येणार आहेत." मी म्हटले, "त्यांच्यासाठीच बोलायचे आहे."

आपल्या बीड जिल्ह्यात 'फड' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक उसाचा फड. दिवाळीच्या आसपास गाड्या भरतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एक कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो, आणि घरी म्हातारी माणसे व शाळकरी मुले उरतात. दुसरा फड पत्त्यांचा. तिर्रट, झन्नामन्ना, अंदर-बाहर ही नावे पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकांमुळे आमच्या व्यवसायातील प्रत्येकाला पाठ असतात. 'अमुक शिवारात लिंबाच्या झाडाखाली गोलाकार बसून' हे वाक्य तर इतक्या वेळा छापले आहे की, त्याचे खिळे जुळवूनच ठेवावेत असे आमचा जुना कंपोझिटर म्हणत असे. या दोन फडांमध्ये पूर्वी अंतर होते. उसाच्या फडातला माणूस पत्त्यांच्या फडावर जायचा तो पायी जायचा, कुणाच्या तरी नजरेस पडायचा, आणि ती बातमी त्याच्या आधी घरी पोहोचायची. हे अंतर गेल्या आठ-दहा वर्षांत पुसले गेले. फड खिशात आला. तो आणून देण्याचे काम जाहिरातीने केले, हे मला आज सांगायचे आहे.

माझ्या लहानपणी एस.टी. स्टँडजवळच्या पानटपरीवर खडूने दोन आकडे लिहिलेले असत, ओपन आणि क्लोज. मटका मुंबईहून आला. न्यूयॉर्कच्या बाजारातून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर लोक पैसे लावत. १९६१ मध्ये ते बंद झाले, तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे आकडे काढायला सुरुवात केली. कापूस गेला, आकडा राहिला. एकेरी आकड्याला नऊपट आणि जोडीला नव्वदपट हा भाव सर्वांना ठाऊक होता. दहा आकड्यांतून एक निघायचा आणि पैसे नऊपटच मिळायचे. म्हणजे शंभर रुपयांतले दहा रुपये खायवाळाच्या घरी जाणार, हे गणित चौथीच्या मुलालाही सुटावे. तरी गिरणी कामगारांच्या पगाराचा मोठा भाग त्यात जात असे.

मात्र मटक्याला उघड जाहिरात करता येत नसे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. पुढे तो आपल्या मराठवाड्यालाही लागू झाला. त्या कायद्यात १२-अ हे एक कलम आहे, त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. जुगाराला साहाय्य व्हावे या हेतूने वृत्तपत्र, पत्रक किंवा कसलीही माहिती छापणाऱ्याला, विकणाऱ्याला, वाटणाऱ्याला पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. छापील शब्द हाही जुगाराच्या अड्ड्याचा दरवाजा होऊ शकतो, हे कायदा करणाऱ्यांना उमगले होते. परवाना नसलेल्या लॉटरीची जाहिरात प्रसिद्ध करणे हा जुन्या दंडसंहितेच्या २९४-अ कलमाखाली गुन्हा होता; नव्या न्याय संहितेतही तो कायम आहे. तरी पळवाटा होत्याच. काही छोटी पत्रे 'शुभांक' छापत, व्यंगचित्रात आकडे दडवत. वाचक चित्रातल्या म्हाताऱ्याच्या मिशीत चौका शोधत बसे! आज त्याचे हसू येते. पण त्या काळी जुगाराला तोंड लपवावे लागत होते, एवढे लक्षात ठेवा.

वृत्तपत्र आणि जुगार यांच्या नात्याचा सर्वांत मोठा खटलाही मुंबई राज्यातच उभा राहिला. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात आर.एम.डी.सी. कंपनीची शब्दकोडी येत. प्रवेशशुल्क भरायचे, रकाने भरायचे, आणि आधीच ठरवून बंद केलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळले की मोठे बक्षीस. हे साप्ताहिक मुंबई राज्यात खपत असे, म्हणून मुंबई सरकारने कर लावला. कंपनी न्यायालयात गेली. आमचा व्यापार आहे आणि व्यापाराचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे, असा तिचा दावा होता. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी त्या निकालपत्रात ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्ताचा, महाभारताचा आणि स्मृतींचा दाखला घेतला, आणि जुगार हा घटनेने संरक्षण द्यावे असा व्यापारच नव्हे, असे स्पष्ट केले.

त्या सूक्ताबद्दल दोन शब्द सांगतो, कारण ते ऐकून माणूस चकित होतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील हे चौतिसावे सूक्त. त्यात देवाची स्तुती जवळजवळ नाही. एक हरलेला माणूस बोलतो आहे. बायको सोडून गेली, सासू तोंड पाहत नाही, कर्ज झाल्यामुळे रात्री दुसऱ्याच्या घराकडे चोरपावलांनी जावे लागते. पुन्हा जायचे नाही असे तो ठरवतो, आणि फाशांचा आवाज कानी आला की पाय आपोआप तिकडे वळतात. आई, वडील, भाऊ म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही, बांधून न्या. शेवटी त्याला उपदेश मिळतो तो असा की, फासे सोड, शेत नांगर, जे आहे त्यात समाधान मान. तिथेच तुझ्या गाई आहेत आणि तिथेच तुझी बायको आहे. हजारो वर्षांपूर्वीचे हे बोल केज-धारूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात आज म्हटले, तर एक शब्द बदलावा लागणार नाही.

पण आपली परंपरा या विषयावर एकाच सुरात बोलते असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. मनुस्मृती राजाला सांगते की, द्यूत राज्यातून हद्दपार कर. कौटिल्य मात्र द्यूताध्यक्ष नेमतो. जुगार एकाच ठिकाणी चालवायचा, इतरत्र खेळणाऱ्याला बारा पण दंड, जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच राजाचे. त्याचे म्हणणे, असे केल्याने चोर आणि गुप्त उद्योग करणारे ओळखू येतात. बंदी की नियमन, हा वाद २०२५ मध्ये झाला, तो आपल्याकडे असा जुना आहे. महाराष्ट्र सरकारने १२ एप्रिल १९६९ रोजी राज्य लॉटरी सुरू केली, तेव्हा लोकांना मटक्यापासून वळवणे हा हेतू सांगितला गेला होता. तो कौटिल्याचा मार्ग होता. कॅसिनोचा कायदाही आपल्या राज्याने १९७६ मध्ये केला, पण तो कधी अमलात आणला नाही. २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. तो मनूचा मार्ग म्हणावा लागेल. दोन्ही दगडांवर पाय ठेवण्यात आपली सरकारे तरबेज असतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जुगाराचे तोंड लपवणे कधी थांबले? 'कौशल्याचा खेळ' हा शब्द हाती आला तेव्हा. १८८७ च्या कायद्यातच निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. पत्ते लक्षात ठेवावे लागतात, लावावे लागतात, म्हणून. रमीच्या कंपन्यांनी हे वाक्य आपल्या छत्रीसारखे वापरले. त्याच निकालात पुढे असेही म्हटले आहे की, पैसे लावून चालणाऱ्या खेळातून क्लबचा मालक नफा कमावत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा होऊ शकतो. हा उत्तरार्ध मात्र कुठल्या जाहिरातीत आला नाही! २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फँटसी क्रिकेटही कौशल्याचाच खेळ मानला. मग काय विचारता? २०२० च्या आय.पी.एल.चे प्रायोजकत्व ड्रीम इलेव्हनने २२२ कोटींना घेतले, आणि २०२३ मध्ये त्याच कंपनीचे नाव भारतीय संघाच्या छातीवर आले. ज्या गणवेशाकडे पाहून आपली पोरे मैदानावर उतरतात, त्या गणवेशावर!

नियम नव्हते असे नाही. जाहिरात मानक परिषदेने १५ डिसेंबर २०२० पासून बंधने घातली. आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, ही सूचना जाहिरातीच्या किमान एक पंचमांश जागेत हवी. अठरा वर्षांखालील मुले दाखवायची नाहीत. हा उत्पन्नाचा मार्ग किंवा नोकरीला पर्याय आहे असे सुचवायचे नाही. आता आठवून पाहा. ती सूचना दूरदर्शन संचावर कशी वाचली जायची? आगगाडी सुटताना फलाटावरच्या माणसाने धावत धावत निरोप द्यावा तशी. परदेशातील सट्टेबाजीची संकेतस्थळे तर आणखी धूर्त निघाली. त्यांनी क्रीडावार्तांची खोटी स्थळे काढली आणि त्या नावाने जाहिराती केल्या. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून २०२२ मध्ये, पुन्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये, पुन्हा २०२३ आणि २०२४ मध्ये सूचनापत्रे काढली. एकच सूचना चार-चारदा द्यावी लागते, याचा अर्थ ती ऐकली जात नाही, हे घरात मुले असलेल्या कोणालाही समजेल.

बंधू-भगिनींनो, इथे मला माझ्याबद्दल सांगितले पाहिजे. मी एका दैनिकात आवृत्तीप्रमुख होतो. नाव सांगत नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. एका आय.पी.एल.च्या हंगामात आमच्या अंकाचे पूर्ण पहिले पान रमीच्या जाहिरातीला गेले. वर आमचे बोधचिन्ह आणि खाली हसतमुख नट. त्याच अंकाच्या पाचव्या पानावर, मीच शीर्षक दिलेली बातमी होती की, मोबाइलवरील रमीत पैसे हरल्याने एका तरुणाने जीव दिला. दुसऱ्या दिवशी माजलगाव भागातून एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाले, "पहिल्या पानावर खेळ म्हणता आणि पाचव्या पानावर रडता. मुलांना कोणते पान वाचायला सांगू?" मी त्यांना आमच्या व्यवसायात सर्वजण देतात तेच उत्तर दिले, की जाहिरात विभाग वेगळा आणि संपादकीय विभाग वेगळा. ते म्हणाले, "घरात अंक एकच येतो हो." आणि फोन ठेवला. माझ्याकडे आजही त्याला उत्तर नाही. पान थांबवणे माझ्या हाती नव्हते हे खरे. पण मी साधा निषेधही नोंदवला नाही, हेही तितकेच खरे.

त्यानंतर वर्षभरात माझ्या आत्येभावाचा मुलगा त्याच जाळ्यात सापडल्याचे उघड झाले. मुलगा डिप्लोमा झालेला, शहाणा. सुरुवात एकोणपन्नास रुपयांपासून. पहिल्या आठवड्यात जिंकला, जिंकलेले दोन हजार आईला नेऊन दिले. मग हरला. हरलेले परत मिळवण्यासाठी मोबाइलवरूनच झटपट कर्ज देणारी ॲप घेतली, मग मित्र, मग बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव. घरच्यांना कळले तेव्हा साडेचार लाख झाले होते. वडील ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर. चार हंगामांची कमाई. मला सर्वांत जास्त लागले ते त्याचे एक वाक्य. मी रागाने विचारले, "तुला हा जुगार आहे हे कळले नाही का?" तो म्हणाला, "काका, जुगार असता तर पेपरात कसा आला असता? तुमच्याच पेपरात होता की." जाहिरात माणसाला खेळायला लावते हे आपण सारे जाणतो. पण तिचे खरे काम वेगळे आहे. ती लाज काढून घेते. पानटपरीवरच्या खडूला जे कधी जमले नाही, ते एका पानभर छपाईला जमले.

ही एका घराची गोष्ट नाही. जून २०२५ मध्ये शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात ऑनलाइन रमीत बुडालेल्या एका तरुणाने पत्नी आणि लहानग्या मुलासह जीवनाचा शेवट केल्याची बातमी आपण वाचली. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याचे ५८ कोटी ऑनलाइन जुगारात गेल्याची तक्रार झाली. त्याच वर्षी विश्वचषकाच्या वेळी पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला फँटसी क्रिकेटमध्ये दीड कोटी मिळाले. खात्याने त्याला निलंबित केले. पण गावोगावी चर्चा निलंबनाची झाली नाही, दीड कोटींची झाली. फुकटची जाहिरात! हरणाऱ्या लाखोंची छायाचित्रे कोणी छापत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडू यांनी सचिन तेंडुलकर यांच्या घरासमोर या जाहिरातींविरुद्ध आंदोलन केले, तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी त्याची थट्टा केली. रीत कुणाला आवडो वा न आवडो, प्रश्न थट्टेचा नव्हता.

आणि जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेतली ती चित्रफीत आली. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा खेळ दिसत होता. त्यांनी खुलासा केला की, आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेला खेळ बंद करत होतो. महिनाअखेरीस त्यांचे खाते बदलले. त्या राजकारणात मला जायचे नाही. त्यांचा खुलासा मी शंभर टक्के खरा धरतो, आणि मग माझी काळजी वाढते. सभागृहात बसलेल्या मंत्र्याच्या मोबाइलवर हा खेळ न बोलावता येत असेल, तर आई-वडील कारखान्यावर गेलेले असताना आजीच्या शेजारी मोबाइल घेऊन बसलेल्या पाटोद्याच्या मुलाच्या हातात काय येत असेल?

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीने ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. कौशल्य की नशीब, हा घोळ त्याने एका फटक्यात संपवला. पैसे लावून पैसे मिळवायचा ऑनलाइन खेळ बंद, मग तो कसलाही असो. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैशांचा व्यवहार करून देणाऱ्या बँकांनाही बंदी. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तो पीडित मानला आहे. ही मला या कायद्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. सरकारने विधेयक मांडताना सुमारे ४५ कोटी लोकांना झळ आणि वर्षाला २० हजार कोटींहून अधिक नुकसान असा अंदाज दिला होता. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले, संघाच्या गणवेशावरचे नाव उतरले. कंपन्यांनी कायद्याला आव्हान दिले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रकरणे स्वतःकडे वर्ग करून घेतली.

विरोधकांचा एक युक्तिवाद मात्र मी तुमच्यापासून लपवणार नाही, कारण तो खोटा नाही. ते म्हणतात, देशातील कंपन्या कर भरत होत्या. ऑक्टोबर २०२३ पासून तर लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के. त्यांचा पत्ता ठाऊक होता. त्या बंद केल्यावर लोक टेलिग्रामवर, परदेशी स्थळांवर जातील, जिथे ना पत्ता ना कर. तसे काही जण जात आहेत. माझा तो पुतण्याच सांगतो की, त्याच्या जुन्या मित्रांच्या गटात आता दुवे येतात. कौटिल्य असता तर त्याने या युक्तिवादावर मान डोलावली असती. तरीही मी बंदीच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण जाहिरात हेच आहे. चोरून खेळणारा उद्याही खेळेल. पण जो कधी खेळलाच नसता, त्याला आता पहिल्या पानावरून आमंत्रण जाणार नाही. ब्रिटनने २००५ चा कायदा करून दूरचित्रवाणीवर जुगाराच्या जाहिराती मोकळ्या केल्या, आणि आता तिथल्या फुटबॉल संघांना शर्टाच्या पुढच्या बाजूवरची नावे स्वतःहून उतरवण्याचा निर्णय घ्यावा लागला. इटलीने तर २०१८ मध्ये कायद्यानेच या जाहिराती थांबवल्या. एकदा उघडलेले दार लावायला किती वर्षे लागतात, हे त्यांना विचारावे.

पुतण्याचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तो वाचला, कारण त्याच्या आईने आरडाओरडा केला नाही. तिने त्याला इथे, आपल्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणले. जुगाराचे व्यसन हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत त्याची नोंद आहे, हे आमच्या घरात सर्वांत आधी त्या माउलीला पटले. मी पदवीधर, पण मला उशिरा पटले. ज्यांना इतक्या लांब येणे जमत नाही, त्यांच्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. फसवणुकीत पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच कळवावे; पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. हे दोन क्रमांक मी मागच्या फळ्यावर मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहवून घेतले आहेत.

आज त्याचा मोबाइल साधा, बटणांचा आहे. बँकेचे खाते आईबरोबर संयुक्त आहे. साडेचार लाखांपैकी दोन लाख दहा हजार फिटले आहेत. क्रिकेटचा सामना असला की तो गोठ्यात जाऊन बसतो, आणि त्याचे वडील घरातला टी.व्ही. बंद ठेवतात. त्यांना स्वतःला क्रिकेटचा फार नाद. परवाच्या सामन्याचा निकाल त्यांनी मला दुसऱ्या दिवशी फोन करून विचारला, तोही अंगणात जाऊन, हळू आवाजात.